मागच्या सीटवरचं माणूस

ज्ञानदेव आणि मी एकाच पाळीला होतो. बारामती एमआयडीसीतल्या एका दूध प्रक्रियेच्या कारखान्यात तो फिटर आणि मी पॅकिंगला. राहायलाही दोघं जळोचीत, एकाच आळीत. ज्ञानदेव अंगानं किरकोळ, आवाज खालचा, कामावर आला की आधी मशिनीवर हात ठेवून उभा राहणार. डोळे मिटून. नव्या सुपरवायझरला वाटायचं, हा देवाचं नाव घेतोय. पण तो मशिनीची थरथर बघायचा.

चौऱ्याण्णव साली त्यानं जुनी मोटरसायकल घेतली. आधीच्या मालकानं तिच्यावर इंदापूर भागात वर्षानुवर्षं दुधाच्या किटल्या वाहिल्या होत्या. गाडी दणकट होती. ज्ञानदेवानं ती धुऊन पुसून हार घातला, आळीतल्या सगळ्यांना पेढे दिले. त्याची बायको शालन घरी शिवणकाम करायची. तिनं सीटला निळं रेक्झिनचं कव्हर शिवलं, कडेला पांढरी पट्टी लावून. दोघं खूश होती.

शालनचं माहेर इंदापूरला. त्या एप्रिलमध्ये जयंतीला दोघं गाडीवरून गेली. गेली तेव्हा हसत गेली. परत आली तेव्हा शालन गाडीवरून उतरली आणि कोणाशी न बोलता आत जाऊन आडवी झाली. संध्याकाळी ती ज्ञानदेवाला म्हणाली, "हितनं पुढं मी यष्टीनं येनार. तुमी या तुमच्या गाडीवर."

"का गं? काय झालं?"

"काय झालं म्हंजे? खड्डा तुमाला आदी दिसतो, मग लागतो. मला नुसता लागतो."

"समद्या गाड्या अशाच असत्यात."

"असू द्या. कंबर मातर माझी एकच हाय."

आणि ती खरंच एसटीनं जाऊ लागली. सासुरवाडीला काही कार्यक्रम असला की हा गाडीवर पुढं जाऊन इंदापूरच्या स्टँडवर तिची वाट बघत उभा राहायचा. मग स्टँडपासून घरापर्यंत ती पिशवी घेऊन चालत, हा गाडी ढकलत तिच्या शेजारून. मेव्हणे विचारायचे, "भांडून आलाय का काय?" ज्ञानदेव हसून वेळ मारून न्यायचा. पण ते त्याला लागलं होतं. तो भांडणारा माणूस नव्हता. एखादी गोष्ट त्याच्या मनात गेली की ती तिथंच फिरत राहायची, गिरणीत धान्य फिरतं तशी.

पावसाळा संपता संपता कारखान्यातल्या एका मोटरीखालचे रबरी पॅड बदलायचं काम निघालं. जुना पॅड झिजून चपटा झाला होता, त्यामुळे मोटर सगळ्या सांगाड्याला हादरे देत होती. ज्ञानदेवानं नवा पॅड बसवला, हात ठेवून बघितलं आणि तसाच काही वेळ उभा राहिला. सुटीच्या वेळी गेटवर मला म्हणाला, "आज तू चालीव. मी मागं बसतो."

"का? ताप हाय का तुला?"

"न्हाय रं. चालीव तू."

तो गाडी घेतल्यापासून एकदाही मागं बसला नव्हता. मी त्याच्यासारख्याच वेगानं चालवली. डांबर संपलं, कॅनॉलच्या कडेचा कच्चा रस्ता लागला. शेतातून रस्ता ओलांडणाऱ्या बैलगाड्यांनी आडव्या सरी पाडून ठेवल्या होत्या. पहिल्याच सरीला मागून "आयायायाया" ऐकू आलं. दुसऱ्या सरीला त्याच्या हातातला डबा उडून रस्त्यावर पडला. मी ब्रेक दाबला तशी गाडी पुढून खाली वाकली आणि ज्ञानदेव माझ्या पाठीवर येऊन आदळला.

तो उतरला. कंबरेला दोन्ही हात लावून रस्त्याच्या मधोमध उभा राहिला. मी हसत होतो, तो हसला नाही.

"ही इंदापूरपतूर अशी बसून गेली," तो म्हणाला, "आन परतबी आली."

डबा उचलून घेऊन तो राहिलेला रस्ता चालत आला.

दुसऱ्या दिवशी सुटी होती. सकाळीच त्यानं गाडी अंगणात मुख्य स्टँडवर घेतली आणि मागच्या चाकाचे हादरे झेलणाऱ्या दोन्ही शॉकअपवरचा थर खरवडायला बसला. माती, ग्रीस आणि वर्षानुवर्षं सांडलेलं दूध, सगळं मिळून दगडासारखं झालेलं. ते निघाल्यावर खाली स्प्रिंगच्या बुडाशी एकेक लोखंडी कडं दिसलं, त्याला पायऱ्यांसारखे खाचे. कडं फिरवलं की स्प्रिंग दाबली जाते आणि मागची बाजू कडक होते, उलट फिरवलं की मऊ. कारखान्यातल्या माणसाला हे समजायला वेळ लागत नाही. पण त्याला हसू आलं ते वेगळ्याच कारणानं. एका बाजूचं कडं शेवटच्या खाच्यावर होतं आणि दुसरीकडचं त्याच्या बरंच खाली.

"बघ की," तो मला म्हणाला, "एक पाय दगडावर आन एक पाय चिखलात. अशी गाडी किटल्यांच्या ओझ्याखाली नीट वाटायची आसंल. आमच्या दोघांचं वजन ते काय?"

गंजलेली कडी रॉकेल सोडून सैल केली. वाकड्या चोचीचा पाना लावून दोन्ही सारख्या खाच्यावर, अगदी मऊ बाजूला आणली. मग शालनला हाक मारली.

ती दारातूनच म्हणाली, "मी न्हाय बसायची."

"चालवत न्हाय. उभ्या गाडीवर बस नुसती. आन येताना तुझी टेप आन."

शिवणाची टेप घेऊन ती आली. रिकामी गाडी मागून किती उंच, तो एकटा बसल्यावर किती दबते, दोघं बसल्यावर किती, हे त्यांनी मापून घेतलं. गाडी मी धरून ठेवायचो आणि टेप बानूबाईच्या हातात. बानूबाई म्हणजे शेजारची म्हातारी. तिला आकडे वाचता येत नव्हते. ती टेपेवर नख रोवून ठेवायची आणि नख सगळ्यांना दाखवायची. आळीतल्या बायका तोंडाला पदर लावून बघत होत्या. "नवऱ्यानं बायकोचं माप घ्यायला काढलंय का गाडीचं?" एकीनं विचारलं. शालन म्हणाली, "ब्लाउज शिवतोय गाडीला."

मऊ केलेल्या गाडीवर शालन बारामतीपर्यंत जाऊन आली. उतरल्यावर विचार करत उभी राहिली.

"आदी दगड हुता," ती म्हणाली. "आता पाळना झालाय. पर मोठ्या खड्ड्यात पाळन्याची दोरी तुटल्यावानी खाली ठक्कन बसतंय."

तिचं बरोबर होतं. फार मऊ झाल्यामुळं शॉकअप पार तळाला जाऊन टेकत होता. ज्ञानदेवानं एक खाचा वाढवला. परत फेरी. मग ती म्हणाली, मागचं बरं हाय, पर तुमी ब्रेक मारला की मी तुमच्या पाठीवर घसरती. तेव्हा पुढचे शॉकअप उघडले. आतलं तेल काळं आणि पाण्यासारखं पातळ झालेलं, एका बाजूचं सील गळत होतं. सील बदललं, दोन्हीकडं सारखं मापून नवं तेल भरलं. टायरातली हवाही किटल्यांच्या हिशेबानं ठासून भरलेली असायची, ती दोन माणसांपुरती केली. काही आठवडे हेच चाललं. तो काहीतरी बदलायचा, ती बसून यायची आणि सांगायची. "पोकळ लागतंय." "वळनावर शेपटी हालतीया." "आज कुनीतरी मागून ढकलतंय." आम्हाला त्यातलं काही कळायचं नाही, त्याला सगळं कळायचं.

एका रविवारी दोघं परत इंदापूरला निघाली. वाटेत शालन बोलेना. भवानीनगर गेलं, लासुर्णं आलं, तरी गप्प. ज्ञानदेवानं वेग कमी केला. त्यानं चहाच्या टपरीपाशी गाडी थांबवली.

"दुखतंय का?"

"कुठं काय?" शालन डोळे चोळत म्हणाली. "झोप लागाय लागली हुती."

"आगं बये, पडली असतीस की!"

"मग बोलत ऱ्हावा माझ्याशी. मुक्यानं गाडी चालीवत्यात व्हय?"

त्या दिवशी सासुरवाडीच्या दारात दोघं गाडीवरून एकत्र उतरली. ही हकिकत तो मला सांगत होता तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा होता. पगारवाढीलाही तो इतका खुलला नव्हता.

एमआयडीसीत तेव्हा निम्मी माणसं गाडीवरून यायची, कोणी जळोचीतून, कोणी पार इंदापूरच्या हद्दीतून. गोष्ट पसरायला वेळ लागला नाही. रविवारी सकाळी ज्ञानदेवाच्या दारात गाड्या उभ्या राहू लागल्या. धंदा त्यानं कधी केला नाही, त्याला ते काम आवडतच होतं. पण त्याची एक अट असे. गाडी बघायच्या आधी तो विचारायचा, "मागं कोन बसतं?"

"बायको."

"मग तिला घिऊन ये."

काही जण चिडून गेले. बहुतेक जण पुढच्या रविवारी बायकोला घेऊन आले, कोणी आईला. बायका आधी लाजायच्या. "बरी हाय गाडी," एवढंच म्हणायच्या. मग शालन त्यांना आत चहाला न्यायची आणि बाहेर येऊन नवऱ्याच्या कानाशी सांगायची, कुणाला कुठं लागतं ते. एका कामगाराची नवी नवरी तर गाडीवर बसायला भितेच, असं त्याचं गाऱ्हाणं होतं. ती शालनला म्हणाली, मी भीत न्हाय, वळनावर गाडी उजवीकडं ओढती. बघितलं तर खरंच एका बाजूच्या शॉकअपचं वरचं रबर झिजून गेलेलं. जाताना तो नवरा बायकोला म्हणाला, "तू आदी का न्हाय बोललीस?" ती म्हणाली, "तुमी इचारलं कुठं?"

हे सगळं बानूबाई आपल्या ओट्यावरून बघत होती. तिची थोरली बहीण सारजा इंदापूर तालुक्यात वरकुट्याला असायची. दोघींचं माहेर मेंढरावरचं. लहानपणी मेंढरामागं दोघी कोकणापर्यंत चालत गेलेल्या. आता सारजाच्या घरी मेंढरं नव्हती, चार गाई होत्या आणि तिचा मुलगा दादासो गावचं दूध गोळा करून मोटरसायकलवरून संकलन केंद्रावर घालायचा. वरकुट्याहून जळोचीला यायचं तर फाट्यापर्यंत चालायचं, मग एसटीची वाट बघायची. सारजाच्या गुडघ्यांना ते होईना. आणि दादासोच्या गाडीवर एकदा बसली ती पुन्हा बसलीच नाही. बहिणी-बहिणींची भेट वर्ष वर्ष पडत नव्हती.

बानूबाईनं निरोप धाडला. दादासो एका रविवारी आला. तिशीतला गडी, धिप्पाड, बोलायला मोकळा. ज्ञानदेवानं गाडी बघितली. किटल्यांसाठी सगळं कडक ठेवलेलं, ते बरोबरच होतं. त्यानं कडं फिरवून मऊ केलं, हवा उतरवली आणि म्हणाला, "आता आईला बसीव. किटल्या लावताना परत कडक करून घ्यायचं, दोन्हीकडं सारखं."

"करतो की," दादासो म्हणाला.

पुढच्याच रविवारी दुपारी सारजा गाडीवरून जळोचीत आली. उंच, वाळलेली, नाकात मोठी नथनी, पायात मुलाच्या जुन्या चपला. गाडीवरून उतरली आणि थेट ज्ञानदेवासमोर येऊन उभी राहिली.

"तूच का रं त्यो?"

"व्हय मावशी."

"कोकणापतूर चालत गेलेली बाई मी. कदी कमरंला हात लावला न्हवता. ह्या फटफटीनं मला लावाय लावला. आज मातर खुर्चीत बसून आल्यावानी आले बग." आणि तिनं त्याच्या तोंडावरून हात फिरवून बोटं आपल्या कानशिलावर मोडली. मग दोघी बहिणी बानूबाईच्या ओट्यावर बसल्या. एकमेकींशी फार बोलल्याही नाहीत. शेंगा फोडत बसल्या.

इथपर्यंत सगळं छान होतं.

दोन-तीन दिवसांनी बानूबाई धावत आली. दादासो पडला होता. आईला घरी सोडल्यावर त्यानं गाडी तशीच ठेवली आणि सकाळी घाईत दोन्ही बाजूंना भरलेल्या किटल्या अडकवून निघाला. मऊ स्प्रिंगांवर एवढं वजन पडल्यावर मागची बाजू पार बसली आणि पुढचं चाक हलकं झालं. पाटाच्या चारीवरून डांबरी रस्त्याला वळताना हँडल थरथरलं, गाडी आडवी झाली. दादासोचा खांदा मुका मार लागून सुजला, नडगी सोलून निघाली, दूध सगळं चारीत गेलं.

ज्ञानदेव त्या दिवशी कामावरून आला तो जेवला नाही. शालन त्याला म्हणाली, "तुमी सांगितलं हुतं त्याला."

"तोंडानं सांगितलं. हातानं करून घेतलं न्हाय."

दुसऱ्या दिवशी रजा टाकून तो वरकुट्याला निघाला. मला सोबत घेतलं. वस्तीवर पोचलो तर सारजा गोठ्यात शेण काढत होती. आम्हाला बघून तिनं हातातली पाटी खाली ठेवली.

"आलास व्हय?" ती म्हणाली. "माज्या कमरंपायी माज्या लेकाचा खांदा गेला. आसलं सुक मला नगं. कर जा गाडी हुती तशी."

ज्ञानदेव खाली बघत म्हणाला, "करतो मावशी. चूक माझीबी हाय."

दादासो खाटेवर बसून होता, खांद्याला हळद लावलेली. तो तिथूनच ओरडला, "आये, त्यानं सांगितलं हुतं. इसारलो मी. पाटंच्या घाईत कोन खाली वाकून बगतंय?"

"मग इसारनार तू उद्याबी," सारजा म्हणाली.

ज्ञानदेव गाडीपाशी गेला. हँडल थोडं वाकलं होतं, बाकी गाडी शाबूत होती. त्यानं दादासोला हाताला धरून तिथं आणलं, चांगल्या हातात पाना दिला आणि कडं फिरवायला लावलं. एकदा मऊ, एकदा कडक, एकदा या बाजूला, एकदा त्या. शेजारच्यानं बैलांच्या शिंगांना लावायला आणलेला लाल रंग होता, त्याचा ठिपका किटल्यांच्या खाच्यावर दिला. आईच्या खाच्यावर हिरवा. मग रिकाम्या किटल्यांत पाणी भरून त्या लावायला सांगितल्या आणि मला गाडी रस्त्यापर्यंत न्यायला लावली, आधी मऊ ठेवून. हँडल हातात असं तरंगत होतं की मी दहा पावलांतच थांबवली. कडक केल्यावर तीच गाडी सरळ चालली. दादासोनं ते डोळ्यांनी बघितलं.

"आलं का ध्यानात?"

"आलं. पर इसारलो तर?"

सारजा इतका वेळ भिंतीला टेकून सगळं बघत होती. ती पुढं आली, दादासोच्या हातातला पाना घेतला आणि दुधाच्या मोठ्या किटलीच्या कानात आडवा घालून टाकला. किटली उचलायची तर आधी पाना काढावाच लागणार.

"आता इसर," ती म्हणाली.

ज्ञानदेव त्या दिवशी पहिल्यांदा हसला. मीही हसलो, दादासो तर खांदा धरून हसला. सारजानं शेणाचे हात धुतले, आणि आम्ही नको नको म्हणत असताना चुलीवर दूध ठेवलं. बाजरीची भाकरी दुधात कुस्करून तिनं ज्ञानदेवासमोर ठेवली. "रागं भरले ते मनात धरू नगं," म्हणाली. "माझं तोंड मेंढरं हाकून हाकून तसलं झालंय."

"बरोबर बोललात मावशी," ज्ञानदेव म्हणाला आणि भाकरी सगळी संपवली.

तिथून पुढं त्याची रीत बदलली. गाडी आणणाऱ्याच्या हातात तो आधी पाना द्यायचा. कडं स्वतः फिरवून देईनासा झाला. "तुज्या गाडीवर कवा किती वजन हाय ते मला हितं बसून दिसनार न्हाय," म्हणायचा. मऊ गाडी म्हणजे चांगली गाडी, असं कोणी म्हणालं की त्याला दादासोची गोष्ट सांगायचा, स्वतःचं नाव न गाळता. काही लोकांना हे शिकणं जड जायचं. बायका पटकन शिकल्या. एका दोघींनी तर माहेरी जायच्या आदल्या दिवशी नवऱ्याला न विचारता आपणच कडं फिरवून ठेवलं आणि सकाळी सांगितलं.

दादासोचा खांदा महिन्याभरात बरा झाला. सारजा पुन्हा गाडीवर बसायला तयार होईना. त्यानं फार समजावलं, तिनं ऐकलं नाही. शेवटी शालनच एका रविवारी ज्ञानदेवाबरोबर वरकुट्याला गेली, दिवसभर राहिली. दोघी गोठ्यात काय बोलल्या ते कोणाला ठाऊक नाही. संध्याकाळी निघायच्या वेळी सारजा लुगडं झाडून उभी राहिली आणि लेकाला म्हणाली, "काड गाडी. पाना कुठं हाय त्यो दाव आदी." दादासोनं दोन्ही कडी हिरव्या ठिपक्यावर आणली. तिनं दोन्ही बाजूंना वाकून खात्री केली आणि मगच बसली.

दोन्ही गाड्या एकामागं एक जळोचीला आल्या. त्या खेपेला सारजा बहिणीकडं चांगली पंधरा-वीस दिवस राहिली. सकाळी दोघी कॅनॉलच्या कडेनं फिरून यायच्या, दुपारी शालनच्या मशिनीपाशी बसायच्या. शालननं तिला दोन चोळ्या शिवून दिल्या. रोज संध्याकाळी कामावरून येणाऱ्या गाड्यांकडं बघत सारजा ओट्यावरून बोलायची, "त्या मागच्या पोरीला लागतंय बग बानू, कशी बसलीया. सांग त्यांना हितं यायला."

आणि बानूबाई खरंच रस्त्यापर्यंत जाऊन त्यांना थांबवायची.